वर्षाचा एक शब्द निवडायची कार्यशाळा, शंकर नगर, नागपूर : वर्षभर वापरून मग लिहितेय

डिसेंबर लागला की या कार्यशाळेचा मेसेज पुन्हा फिरायला लागतो, यंदाही फिरून राहिलाय. मागच्या वर्षी मी जाऊन आले हे माहीत असल्यामुळे ऑफिसातल्या दोघी-तिघींनी आणि बिल्डिंगमधल्या एका वहिनींनी विचारलं, कशी आहे गं, जावं का, सहाशे रुपये वसूल होतात का. प्रत्येकीला वेगळं सांगत बसण्यापेक्षा म्हटलं एकदाच नीट लिहून टाकते. त्याच संध्याकाळी लिहिलं असतं तर डोळे मिटून पाचपैकी पाच दिले असते, इतकी भारावून बाहेर पडले होते मी. पण मिक्सर कसा आहे ते काही पहिल्या चटणीवरून कळत नाही. आता वर्ष होत आलं, आता सांगू शकते.

कार्यशाळा घेणाऱ्या ताईंचं नाव टाकत नाहीये. त्या हे घरगुती पातळीवर करतात, आणि खाली मी काही तक्रारीही लिहिणार आहे, त्या नावासकट फिरायला नकोत. ज्यांना जायचंय त्यांच्याकडे मेसेज पोहोचतोच.

आधी हे असतं काय ते सांगते. नवीन वर्षाचे पाच-दहा संकल्प करण्याऐवजी एकच शब्द निवडायचा आणि तो वर्षभर सोबत ठेवायचा, बस. अमेरिकेत अली एडवर्ड्स म्हणून एक बाई आहेत, फोटो चिकटवून आठवणींच्या वह्या सजवतात त्या, स्क्रॅपबुक म्हणतात त्याला. त्यांनी २००६ पासून दरवर्षी स्वतःसाठी एक शब्द घ्यायला सुरुवात केली आणि त्यांचं बघून हे बरंच पसरलं. डिसेंबरात ऑक्सफर्ड डिक्शनरीवाले वर्षाचा शब्द जाहीर करतात नं, ज्यात २०२४ ला 'ब्रेन रॉट' आला होता, ते हे नाही. तो शब्द गेलेल्या वर्षात लोक काय बोलले त्यावरून ठरतो आणि सगळ्यांना मिळून एकच असतो, हा पुढच्या वर्षासाठी आणि ज्याचा त्याचा. मला स्वतःला हे फार परकं वाटलं नाही, पूजेला बसलं की गुरुजी आधी हातावर पाणी घालून संकल्प सोडायला लावतातच की, आणि ब्रीद हा शब्द तर आपल्याकडे कधीपासूनचा आहे.

मी गेले कशासाठी, तर संकल्पांना कंटाळून. अंबाझरीला रोज सकाळी चालायला जायचं हा संकल्प मी चार वर्षं केला आणि चारही वर्षं संक्रांतीच्या आत सुटला. दरवेळी ते सुटलं की मनाला लागायचं, आपल्यात दमच नाही असं वाटत राहायचं. तिथे ताईंनी सुरुवातीलाच सांगितलं की अमेरिकेत स्क्रँटन विद्यापीठातल्या नॉरक्रॉस नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात २०० लोकांच्या नवीन वर्षाच्या संकल्पांचा दोन वर्षं पाठपुरावा केला होता, पहिल्या आठवड्यापर्यंत ७७ टक्के लोक टिकून होते आणि दोन वर्षांनी फक्त १९ टक्के. हे ऐकून मला खरंच बरं वाटलं. म्हणजे सुटतं ते बहुतेकांचंच सुटतं.

आता जागा. मी सुभाष नगरवरून ॲक्वा लाइन पकडली आणि शंकर नगरला उतरले, तिथून चालत सात-आठ मिनिटं. मेट्रोनेच जा, गल्लीत टू-व्हीलर लावायलाही जागा नाही आणि हिवाळी अधिवेशनाच्या दिवसात सीताबर्डीकडून येणारा कोणता रस्ता कधी बंद होईल याचा भरवसा नसतो. दुसरा मजला, लिफ्ट नाही. खाली सतरंजी, कडेला चार प्लास्टिकच्या खुर्च्या, त्या गुडघेदुखीवाल्यांनी आधीच धरल्या होत्या. डिसेंबरातली नागपूरची फरशी सतरंजीतूनही चावते, जाड मोजे घालून जा, हे अगदी मनापासून सांगतेय. आणि वेळ दहाची होती, सुरू झालं पावणेअकराला. आम्ही वेळेवर आलेले नऊ जण नुसते बसून होतो, उशीर होतोय असं सांगायलाही कुणी आलं नाही. लोक रविवारची सकाळ मोडून येतात, घरी स्वयंपाक टाकून येतात, त्यामुळे हे मला अजिबात पटलं नाही आणि मी तिथेच तसं सांगितलं. आल्याचा चहा मात्र गरम होता आणि दोनदा आला.

एकूण चौदा जण जमले. एमपीएससीचा अभ्यास करणारा एक मुलगा, एसटीतून रिटायर झालेले एक काका, दोन जावा एकत्र आलेल्या, एक आई तिच्या आठवीतल्या मुलीला घेऊन, बाकी माझ्यासारख्या नोकरीवाल्या.

पहिला अर्धा तास वाया गेला असं माझं स्पष्ट मत आहे. शंभर शब्दांचा एक छापील कागद वाटला, त्यातून आवडेल तो निवडा म्हणे. फोकस, ग्रोथ, बॅलन्स, शाइन, हील, अलाइनमेंट. सगळे असेच, इंग्रजी शब्द मराठी अक्षरात. काकांनी अगदी प्रामाणिकपणे विचारलं, अलाइनमेंट म्हणजे टायरचं करतात तेच का. ताई हो-नाही करत समजावू लागल्या, पण खरं सांगायचं तर आमच्यापैकी अर्ध्यांना त्या कागदातल्या एकाही शब्दाने काही झालं नाही. मी 'बॅलन्स'वर टिक केली होती, का केली ते आज आठवतही नाही. टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात दिवसभर बॅलन्सच बघते मी, कदाचित म्हणून असेल. ताई, तुम्ही हे वाचत असाल तर तो कागद यंदा काढून टाका.

त्यानंतर जे झालं त्यासाठी मी सहाशेच काय, हजारही दिले असते.

ताईंनी सगळ्यांना मोबाइल बाहेर काढायला लावला. गॅलरी, यूपीआयची हिस्ट्री, कॉल लिस्ट, जे सापडेल ते, आणि जानेवारीपासून एकेक महिना उघडून बघायचा. ज्या महिन्यात जीव घाबरा झाला, झोप उडाली, भांडण झालं, त्या महिन्याचं एक-एक वाक्य वहीत लिहायचं. सुंदर लिहायचं नाही, शेजारणीला सांगतो तसं लिहायचं. हॉलमध्ये पंधरा-वीस मिनिटं कुणी बोललं नाही. फोटो बघता बघता दोघींचे डोळे भरून आलेले मी पाहिले, माझेही आले.

माझ्या वहीतली वाक्यं जशीच्या तशी देते. फेब्रुवारी : ऑफिसात नवीन सॉफ्टवेअर आलं, मला जमत नव्हतं, तीन शनिवार एकटी बसून शिकले, बाजूच्या टेबलवरच्या मुलीला आधीपासून येत होतं. जून : मुलाला अकरावी सायन्सला टाकलं, सोबत कोचिंगही लावलं, तो तेव्हापासून जेवताना बोलत नाही. ऑगस्ट : आईला काटोलहून नागपूरला आणायचं म्हणून मागची खोली रंगवून घेतली, कमोड बसवला, खर्च खूप झाला, आई यायचं नावच काढत नाही. ऑक्टोबर : दिवाळीचा फराळ सासरच्या चार घरांसाठी एकटीने केला, पाठ धरली.

हे वाचून मला वाटलं आपला शब्द 'नाही' असला पाहिजे. सगळे आपल्यावर ढकलतात, नाही म्हणायला शिकायचं. वहीत मोठ्या अक्षरात 'नाही' लिहून दोनदा अधोरेखितही केलं. ताई फिरत फिरत आल्या, वही वाचली आणि एवढंच म्हणाल्या, "यातलं काय काय तुम्हाला कुणी करायला सांगितलं होतं?"

मी परत वाचलं. कुणीच नाही. सॉफ्टवेअर एकटीने शिक असं सरांनी म्हटलं नव्हतं. मुलाने सायन्स मागितलं नव्हतं. आईने खोली मागितली नव्हती. फराळ चार घरांचा हवा असं सासूबाईही कधी म्हणाल्या नव्हत्या. सगळं मीच गृहीत धरलं होतं, मीच केलं होतं आणि मग मीच वर्षभर मनात धुसफुसत होते. नाही म्हणायचं तरी कुणाला? मी कुणाला विचारलंच नव्हतं.

तर माझा शब्द झाला 'विचार'.

तो आतून आला तेव्हा घशाशी काहीतरी अडकल्यासारखं झालं, हे शंभर शब्दांच्या कागदावरून होणं शक्य नव्हतं. ताईंनी नंतर सगळ्यांना मिळून सांगितलं की शब्द निवडताना 'हे करणार नाही' यापेक्षा 'हे करीन' या बाजूचा घ्या, आणि त्याला आधारही दिला. स्वीडनमध्ये २०१७ च्या शेवटी संकल्प केलेल्या १,०६६ लोकांवर वर्षभर लक्ष ठेवलं होतं, काहीतरी सोडायचं ठरवणाऱ्यांपैकी ४७.१ टक्के लोकांनी वर्षाअखेर आपण यशस्वी झालो असं सांगितलं आणि काहीतरी करायचं ठरवणाऱ्यांपैकी ५८.९ टक्के लोकांनी. मी घरी येऊन शोधलं, २०२० साली छापून आलाय तो अभ्यास, आकडे बरोबर आहेत. लोकांनी स्वतःच सांगितलेलं यश आहे ते, कुणी घरी जाऊन तपासलेलं नाही, पण मला तो फरक माझ्या वहीत दिसला म्हणून पटला.

बाकीच्यांचंही थोडं सांगते, कारण ताईंचं कसब तिथेच दिसलं. एमपीएससीवाल्या मुलाने 'यश' लिहिलं होतं. ताई म्हणाल्या, यश आयोगाच्या हातात आहे रे, तुझ्या हातात काय आहे ते लिही. त्याने बराच वेळ घेतला आणि 'सोडव' लिहिलं. रोज बसून पेपर सोडवायचा, वाचत राहायचं नाही. आठवीतल्या मुलीच्या वहीत तिच्या आईनेच 'फोकस' लिहून दिला होता. ताईंनी आईला शांतपणे चहाकडे पाठवलं आणि मुलीला सांगितलं तुझा तू लिही. तिने 'झोप' लिहिलं. परत आल्यावर आईला ते आवडलं नाही, पण ताईंनी विचारलं की ही किती वाजता झोपते, तर साडेबारा-एक. मग आई काही बोलली नाही. काकांचा शब्द सगळ्यात छोटा होता, 'जा'. काकू गेल्यापासून घराबाहेरच पडत नाही म्हणाले, आयुष्यभर गाडीवर फिरलेला माणूस.

बघा, टिकलेले सगळे शब्द कसे आहेत, सोडव, झोप, जा, विचार. घरातलं कुणीतरी आपल्याला हाक मारून सांगतं तसे. माझं तर आता पक्कं मत झालंय की शब्द आपल्या बोलीतला असावा आणि काम सांगणारा असावा. 'पॉझिटिव्हिटी' असं कोणती आई आपल्या लेकराला म्हणते? ती म्हणते ऊठ, जेव, बोल, थांब.

'विचार'ची आणखी एक गंमत मला घरी आल्यावर कळली. जाड कागदाचं एक कार्ड देतात, त्यावर आपला शब्द स्केचपेनने लिहायचा. मी ते फ्रिजला लावलं. रात्री पाणी प्यायला उठलेले हे बराच वेळ त्या कार्डासमोर उभे, मग म्हणाले, "अगं, तू आधीच इतका विचार करतेस, त्यात अजून वर्षभर करणार?" मी म्हटलं, करायचा विचार नाही हो, दुसऱ्याला विचारायचं. ते थोडं थांबले आणि म्हणाले, "मग मला विचार नं, भाजीत मीठ बरोबर आहे का ते." एकोणीस वर्षांच्या संसारात मी त्यांना हे विचारलं नव्हतं. कमी असतं म्हणाले, नेहमीच. एकच शब्द, डोक्यात ठेवला तर एकटीने घोळवत बसायचं आणि तोंडावर आणला तर दुसऱ्यापर्यंत पोहोचायचं, आणि मी इतकी वर्षं त्याच्या पहिल्याच अर्थात अडकून पडले होते.

कार्डाबद्दल तक्रार आहे. कागद चांगला, पण ओला हात लागला की स्केचपेन पसरतो. फेब्रुवारीपर्यंत माझा 'विचार' निळा डाग झाला होता, मग मी मुलाच्या परमनंट मार्करने परत लिहिला. साधी गोष्ट आहे, मार्कर ठेवायला काय जातं.

आता नुसत्या शब्दाने काय होतं, हा प्रश्न सगळेच विचारतात, आणि तो बरोबर आहे. एडविन लॉक आणि गॅरी लेथम या दोघांनी ध्येयं कशी ठरवावीत यावर वर्षानुवर्षं काम केलंय आणि त्यांचं सांगणं नेमकं उलट आहे, ध्येय जितकं नेमकं आणि थोडं अवघड, तितकं काम चांगलं होतं, 'होईल तेवढं करा' म्हटलं की ढिलं पडतं. शब्द तर अगदीच मोघम. ताईंनी ही अडचण झाकली नाही हे मला फार आवडलं. त्यांनी शेवटच्या तासात प्रत्येकाकडून तीन वाक्यं लिहून घेतली, 'जेव्हा अमुक होईल, तेव्हा मी तमुक करीन' अशी. यामागे पीटर गोलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञांचं काम आहे, १९९९ मध्ये त्यांनी दाखवलं होतं की वेळ, जागा, प्रसंग आधीच ठरवून ठेवला की मनातलं हातून घडण्याची शक्यता खूप वाढते. माझी तीन वाक्यं अशी होती. जेव्हा दुसऱ्यासाठी काही करायला घेईन, तेव्हा आधी त्याला विचारीन. जेव्हा ऑफिसात दहा मिनिटांच्या वर अडेन, तेव्हा बाजूच्या टेबलला विचारीन. जेव्हा डॉक्टरांच्या केबिनमध्ये असेन, तेव्हा खुर्चीवरून उठायच्या आधी एक प्रश्न विचारीन.

तिसरं वाक्य मी असंच भर म्हणून लिहिलं होतं आणि वर्षभरात सगळ्यात मोठं काम त्यानेच केलं.

आईला काटोलच्या डॉक्टरांची बीपीची गोळी कित्येक वर्षांपासून चालू होती. मागच्या दिवाळीनंतर तिला इथे नागपुरात एका हॉस्पिटलमध्ये तीन दिवस ठेवलं होतं, तिथून निघताना त्यांनी बीपीची गोळी लिहून दिली, पण आधीची बंद करायची की चालू ठेवायची याबद्दल कागदावर काही नव्हतं आणि आम्हीही विचारलं नाही. आई दोन्ही घेत राहिली. सकाळी पलंगावरून उठली की तिला चक्कर यायची, भिंत धरून उभी राहायची, आम्ही म्हणायचो वय झालं. फेब्रुवारीत तिला इथल्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेले. ती श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात गोळ्या ठेवते, तो डबाच सोबत नेला होता. तपासून झालं, डॉक्टर पुढचा पेशंट बोलवायला लागले, मी उठायला लागले आणि वाक्य आठवलं. परत बसले. डबा उघडून दोन्ही पत्ते टेबलवर ठेवले आणि विचारलं, डॉक्टर, या दोन गोळ्या वेगवेगळ्या आहेत का? त्यांनी चष्मा वर करून मागची बारीक अक्षरं वाचली. एकीवर टेल्मिसार्टन ४०, दुसरीवरही टेल्मिसार्टन ४०, फक्त कंपनीचं नाव वेगळं. आई दुप्पट डोस घेऊन राहिली होती. त्यांनी एक बंद केली, आठ दिवसांनी बीपी बघायला बोलावलं, आणि चक्कर हळूहळू थांबली. हे वाचून कुणी आपल्या मनाने गोळी बंद करू नका, डॉक्टरांनाच विचारा, पण सगळे पत्ते घेऊन जा आणि विचारा. आई पडली असती तर, हा विचार अजूनही रात्री येतो.

आणि खोलीचं. ते त्याच्या आधी, जानेवारीतच झालं. काटोलला गेले होते, संत्र्यांचा तोडा चालू होता, शेजारच्या बागेतून आलेली दोन टोपल्या संत्री आई ओसरीवर बसून निवडत होती, डागाळलेली एकीकडे, वाटायची एकीकडे. मी सोबत निवडायला बसले आणि विचारलं, आई, तुला नागपूरला राहायला यायचं आहे का गं? ती निवडतच राहिली. मग म्हणाली, "आज विचारलं तू." मी गप्प. "मले इथंच राहू दे. इथं दुपारी चार जणी येऊन बसतात, तुझ्या त्या तिसऱ्या मजल्यावर कोण येते? उन्हाळ्यात येईन दोन महिने, तुझा कूलर बरा हाय." एवढंच. सहा महिने मी तिच्यावर रुसले होते आणि ती माझ्यावर, दोघीही न बोलता. एप्रिल-मे ती आली, रंगवलेल्या खोलीत राहिली आणि पावसाच्या आधी आनंदाने परत गेली.

मुलालाही विचारलं. त्याचं उत्तर ऐकायला जड गेलं, फिजिक्स आवडतं पण कोचिंगमध्ये दम घुटतो म्हणाला. कोचिंग सोडवलं, भरलेली फी गेली, आता घराजवळच्या अभ्यासिकेत बसतो. बारावीचं काय होईल ते होईल, जेवताना बोलतो आता.

सगळं गोडच झालं असं नाही. पगारवाढ विचारली, सर यंदा नाही म्हणाले. कॉलेजपासूनच्या एका मैत्रिणीला विचारलं की तू बोलणं का कमी केलंस, तिने सांगितलं, आणि तिचं बरोबर होतं, माझ्याकडून तिच्या वाईट काळात फार दुर्लक्ष झालं होतं. मी माफी मागितली, पण पूर्वीसारखं झालेलं नाही. विचारलं की उत्तर घ्यायचीही तयारी लागते, हे कार्यशाळेत कुणी सांगितलं नव्हतं, सांगायला हवं होतं.

आणि एक मोठा खड्डा पडला. मार्च एंडिंगच्या कामात आणि नंतरच्या पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात शब्द पार विसरले, कार्ड गॅसच्या बिलाखाली गेलं होतं. इथे ताईंबद्दल आणखी एक तक्रार. पैसे घेताना दर महिन्याला आठवण म्हणून एक प्रश्न पाठवू असं सांगितलं होतं. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च आले, प्रश्न चांगले होते, फेब्रुवारीचा तर मी वहीत उतरवून ठेवलाय, 'हा शब्द तुम्ही शेवटचा कधी टाळला?' एप्रिलपासून काही नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र रोज सकाळी गुड मॉर्निंगची फुलं, साड्यांचे फोटो, कुणाच्या तरी प्लॉटची जाहिरात. ज्या महिन्यांत आधाराची खरी गरज होती तेव्हाच तो तुटला. वर्षभराचं म्हणून पैसे घेतले तर वर्षभर द्यायला हवं.

जुलैत एक मोफत बैठक झाली, ती मात्र ताईंनी शब्द दिल्याप्रमाणे घेतली. चौदातले आठ आले. पाऊस जोरात, लाइट गेलेली, मेणबत्ती लावून बसलो. 'झोप'वाली मुलगी आली होती, आता दहाला झोपते, फोन आईच्या खोलीत चार्जिंगला लागतो, आणि आईने स्वतः हे सांगितलं. दोन जावांपैकी एकीने शब्दच बदलला होता, ताई म्हणाल्या चालतं, शब्द काही कुंकवासारखा लावलेला नाही. काका भिजून आले, खिशातून प्लास्टिकच्या पिशवीतली छोटी डायरी काढली, त्यात तारखा आणि नावं, सहा महिन्यांत अकरा जुन्या सहकाऱ्यांच्या घरी जाऊन आले होते, वर्धा, उमरेड, एक तर थेट अमरावतीला. वाचून दाखवताना आवाज कापत होता त्यांचा. तिथून घरी गेले आणि गॅसच्या बिलाखालून कार्ड काढलं.

तर जावं का? ज्यांचं वर्षानुवर्षं एकाच जागी काहीतरी अडतंय आणि कुठे अडतंय ते दिसत नाही, त्यांनी नक्की जावं. ज्यांना वजन दहा किलो कमी करायचंय, कर्ज फेडायचंय, अशांना नेमकी योजना लागेल, शब्दाने ते होणार नाही. मन फार खचलेलं असेल, झोप-भूक गेली असेल तर आधी डॉक्टरकडे जा, ताईही हेच सांगतात आणि एका बाईंना त्यांनी तसं बाजूला घेऊन सांगितलेलं मी पाहिलंय. मुलांना नेणार असाल तर त्यांचा शब्द त्यांना निवडू द्या. पैसे वाचवायचे असतील तर घरीही करता येतं, मोबाइल, वही, बारा महिने, तीन 'जेव्हा-तेव्हा' वाक्यं. पण 'यातलं तुम्हाला कुणी सांगितलं होतं' हे मला माझ्याच वहीने विचारलं नसतं, त्याला समोर माणूस लागतं.

पाचपैकी चार देते. एक कापला तो एप्रिलपासूनच्या मेसेजसाठी आणि त्या पाऊण तासासाठी.

यंदा मी परत नाव दिलंय, शब्द अजून ठरलेला नाही. परवा फोनवर आईला विचारलं, तू येतेस का माझ्यासोबत? तिने आधी विचारलं काय असते तिथं, मग सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जिना किती हाय?" दोन मजले म्हटलं. "मग त्या बाईले विचार नं, खाली कुठं बसता येते का." ताईंना मेसेज टाकलाय, उत्तर यायचं आहे.